पान संपतं, डोक्यात काहीच उरत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय ४७. जिल्हा परिषदेच्या शाळेत २३ वर्षं शिकवते आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आम्हा सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, देणं आलं. रात्री जेवणं, ओटा, उद्याचं टाचण उरकून साडेनऊला पुस्तक उघडते, बारापर्यंत बसते. पाचला उठते. डोळे ओळींवरून फिरतात, पान संपतं आणि डोक्यात काहीच नसतं. मग तेच पान पुन्हा, कधी तीनदा. हॉलमध्ये टीव्ही सुरू असतो, शेजारी फोनवर आमच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर माहिती मागवणं चालूच असतं. वर्गात मुलांची नावं ओठावर येऊन अडकतात. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले. पाळी वर्षभर मागेपुढे होते आहे, रात्री दोन-तीनदा घामाने जाग येते, पण ते असो. माझ्या आईला शेवटच्या वर्षांत विस्मरणाचा आजार होता, त्यामुळे मनात धास्ती आहे. मुलगा म्हणतो, हल्ली सगळ्यांचंच लक्ष गोल्डफिशपेक्षा कमी, आठ सेकंदांचं झालंय. मैत्रिणीने स्मरणशक्तीचं चूर्ण आणि मेंदूच्या व्यायामाचं ॲप सुचवलंय. घेऊ का? की या वयात मेंदू नवीन काही घेतच नाही?"

प्रिय बाई,

शाळेत तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. पाळी मागेपुढे होते आहे, रात्री घामाने जाग येते, आणि त्यापुढे तुम्ही लिहिलंत, "पण ते असो". बाई, ते असू देऊ नका. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर त्या वाक्यात आहे, आणि घरातल्या बाईने आपल्या शरीराबद्दलची गोष्ट नेहमी अशी वाक्याच्या शेवटी ढकलावी याचं मला वाईट वाटतं.

आधी झोपेचा हिशोब करू. बारा ते पाच म्हणजे कागदावर पाच तास. त्यातून दोन-तीनदा जाग येते, अंग ओलं होतं, पंखा वाढवायचा, पाणी प्यायचं, पुन्हा डोळा लागायची वाट बघायची. हाती चार तास राहत असतील. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ निरोगी माणसांचे गट केले. एका गटाला सलग तीन रात्री झोपूच दिलं नाही, बाकीच्यांना १४ दिवस प्रयोगशाळेत ठेवलं. कुणाला रात्री आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार. रोज त्यांच्या लक्षाची आणि स्मृतीची चाचणी घेतली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक खालावत गेली, आणि शेवटी त्यांची अवस्था एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे आपण इतके मंदावलो आहोत याची त्यांना स्वतःला फारशी जाणीवच नव्हती. थोडी झोप येते, बाकी ठीक आहे, असंच त्यांना वाटत होतं. म्हणजे तुम्ही रात्री साडेनऊला पुस्तक उघडता तेव्हा अनेक दिवसांच्या झोपेची उधारी डोक्यावर असलेला मेंदू घेऊन बसता. त्याला पान समजत नाही, यात त्याचा दोष नाही.

आता घामाबद्दल. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१च्या सुमारास येतं. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे संप्रेरक खाली-वर होत राहतं. त्याचा संबंध फक्त गर्भाशयाशी असतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदूत नव्या आठवणी बांधणाऱ्या हिपोकॅम्पसवर आणि कपाळामागच्या, लक्ष आवरून धरणाऱ्या भागावरही ते काम करतं. अमेरिकेत हजारो बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या २,३६२ जणींचे चार वर्षांतले निकाल २००९ साली प्रसिद्ध झाले. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात, हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. पाळी जाण्याच्या अगदी आधीच्या टप्प्यातल्या बायकांमध्ये मात्र ही वाढ दिसत नव्हती. शिकणं जणू थबकलं होतं. आणि पाळी पूर्ण थांबून गेलेल्या बायकांमध्ये ती वाढ पुन्हा दिसली. म्हणून हा निकाल मला तुमच्यासाठी फार मोलाचा वाटतो. तुम्ही ज्यातून जात आहात तो एक टप्पा आहे, आणि तो ओलांडला जातो.

शिकागोतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांनी बायकांच्या त्वचेवर संवेदक लावून घामाच्या लाटा मोजल्या. बायका सांगत होत्या त्यापेक्षा त्या लाटा कितीतरी जास्त निघाल्या, आणि ज्यांना त्या जास्त येत होत्या, विशेषतः रात्री, त्यांची शब्द लक्षात ठेवण्याची चाचणी कमी भरली. तुमचे ओठावर अडकलेले शब्द, मुलांची नावं, हे याच्याशी किती जुळतं बघा.

तेव्हा पुस्तकाआधी डॉक्टर. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि पाळीबद्दल, घामाबद्दल, झोपेबद्दल पहिल्या वाक्यात बोला, शेवटच्या नाही. त्यावर उपचार आहेत, संप्रेरकांचे आहेत आणि संप्रेरकांशिवायचेही. तुम्हाला कुठला चालेल हे तुमचा रक्तदाब, घरातला कर्करोगाचा इतिहास असं सगळं पाहून त्याच ठरवतील, म्हणून मैत्रिणीची गोळी आणून घेऊ नका. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. यातलं काहीही कमी-जास्त असलं तरी डोकं जड होतं आणि लक्ष लागत नाही, आणि हे सगळं औषधाने सुधारतं. पाळी मागेपुढे होते आहे तोवर फार रक्तस्राव होत असेल तर तेही सांगा. हिमोग्लोबिन तिथेच जात असतं.

आईच्या आजाराची धास्ती मी समजू शकते. ज्या घरात तो आजार पाहिलेला असतो तिथे दूध उतू गेलं तरी छातीत धस्स होतं. पण आईचं सुरुवातीचं वागणं आठवून पाहा. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर गोंधळणं, हिशोब न जमणं, आणि आपण विसरतो आहोत हे तिच्यापेक्षा तुम्हालाच आधी दिसणं, असं काही असेल. तुमचं उलट आहे. विसरल्याची बारीकसारीक नोंद तुम्ही स्वतः ठेवता आहात, अडकलेलं नाव थोड्या वेळाने आठवतं, पगाराचा, पोषण आहाराचा हिशोब तुम्ही चोख ठेवता. वर्गात २३ वर्षांचं काम नीट चालू आहे. यातलं काही बदललं, वाट चुकू लागली किंवा घरच्यांना फरक जाणवू लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर भेटा. आणि त्याआधीही, केवळ धास्ती जावी म्हणून एकदा दाखवून आलात तरी त्यात कमीपणा नाही.

आता तुमच्या त्या पानाकडे येते. बालमानसशास्त्राच्या तुमच्या पुस्तकात लक्ष लागण्याला 'अवधान' म्हणतात, आणि विचलनाची कारणं म्हणून चार मुद्दे दिलेले असतात. त्यावर परीक्षेत प्रश्न येईल, म्हणून ते मुद्दे पाठ कराच. पण प्रयोगशाळांमध्ये गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे दिसलं ते मला त्याहून जास्त दिलासा देणारं वाटतं.

हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१० साली २,२५० माणसांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून, कुठल्याही क्षणी एक प्रश्न विचारला. आत्ता जे करता आहात त्याचाच विचार चालू आहे का, की मन दुसरीकडे आहे? उत्तरांपैकी सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडे होतं. जागेपणीचा जवळजवळ अर्धा वेळ! ही आजारी माणसं नव्हती, तुमच्या-माझ्यासारखी होती. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या काही संशोधकांनी चार विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर एक अख्खी इंग्रजी कादंबरी वाचायला दिली आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. नीट वाचताना आपले डोळे नेहमीच्या शब्दावरून झटकन पुढे सरकतात आणि अनोळखी शब्दावर जास्त रेंगाळतात. मन भरकटलेलं असताना मात्र शब्द सोपा असो की अवघड, डोळ्यांना फारसा फरकच पडत नव्हता. डोळे चालत होते, वाचन थांबलं होतं. तुम्ही लिहिलंत ते नेमकं हेच आहे, बाई. ते घडतं, ते मोजलं गेलंय, आणि ते कॉलेजच्या तरुण मुलांच्या बाबतीतही घडतं.

मग लक्ष देणं म्हणजे काय? अटलांटाजवळच्या एमरी विद्यापीठात २०१२ साली ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात झोपवून श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकल्याचं कळलं की बटण दाबायचं आणि श्वासाकडे परतायचं. सरावलेल्या माणसांचंही मन भटकतच होतं, आणि बटणं दाबली जात होती. भटकताना मेंदूचं एक जाळं जागं असायचं, भटकल्याचं ध्यानात येताना दुसरं, आणि लक्ष ओढून परत आणताना कपाळामागचं तिसरं. मला यातला मधला क्षण फार महत्त्वाचा वाटतो. "अरे, मी इथे नव्हते" असं कळतं तो क्षण. तुम्ही त्याच क्षणी स्वतःवर चिडता, वय आठवता, आई आठवते, आणि त्या काळजीत आणखी अर्धं पान निघून जातं. तोच क्षण खरं तर तुमचं अवधान शाबूत असल्याचा पुरावा आहे. मागच्या रांगेतला मुलगा खिडकीबाहेर बघत असला तर तुम्ही त्याला ओरडत नाही, त्याचं नाव घेता. तो दचकून फळ्याकडे बघतो आणि तुम्ही पुढे शिकवता. स्वतःलाही तसंच बोलवा. ओळीवर पेन्सिलीने बारीक टिंब करा आणि तिथून पुढे. पान पहिल्यापासून वाचू नका.

आणि तीन-तीनदा वाचणं तर बंदच करा. हे मी मुद्दाम ठामपणे सांगते आहे, कारण आपण सगळेच असे शिकलो आणि मुलांनाही असंच शिकवतो. सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार सत्रांत तो वाचला आणि पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा समोर न ठेवता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, आणि आपल्याला हे पुढेही लक्षात राहील अशी खात्रीही त्यांनाच जास्त होती. आठवड्याने परीक्षा घेतली. वाचणाऱ्यांना उताऱ्यातलं ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. दोन पानं वाचायची. पुस्तक मिटायचं. रफ वहीत, मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, जे आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं, तुम्ही मुलांच्या वह्या तपासता तसं. पहिल्या दिवशी चारच ओळी येतील आणि वाटेल, हे जमत नाही. ते जमत नसल्यासारखं वाटणं हाच शिकण्याचा भाग आहे. दोन दिवसांनी तीच दोन पानं न उघडता पुन्हा लिहून बघा. यात आणखी एक सोय आहे. हाताला काम असलं की मन भटकलेलं लगेच कळतं, कारण पेन थांबतं.

वेळ बदलता आला तर बदला. रात्रीचे अडीच तास मला पटत नाहीत. तेवढ्यातला दीड तास झोपेला द्या. संध्याकाळी शाळेतून आल्यावर, चहा झाला की सात ते पावणेआठ दार लावून बसा, आणि सकाळी शाळा भरण्याआधी वीस मिनिटं काल लिहिलेलं आठवून पाहा. संध्याकाळचा कुकर मुलाने लावावा, पोळ्या-भाकरी शिकायलाही त्याचं वय अडत नाही. मालकांनाही एक काम वाटून द्या. ही नोकरी घरातल्या सगळ्यांची आहे, तर तिची परीक्षाही सगळ्यांची.

टीव्हीबद्दल घरात थोडा वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या. आवाज आवाजात फरक असतो. पंख्याची एकसारखी घरघर फारशी आड येत नाही. माणसाचं बोलणं मात्र आड येतं, मग ते आपण ऐकत नसलो तरीही. १९७६ सालच्या एका प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना अक्षरांच्या रांगा लक्षात ठेवायला दिल्या आणि कानावर जर्मन वाचन पडू दिलं. त्यांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, तरी त्यांच्या चुका वाढल्या. मग मराठी मालिकेतली सासू-सुनेची भांडणं, ज्यातला शब्द न् शब्द कळतो, ती तुमच्या पानावर काय करत असतील! सातच्या मालिकेचा आवाज त्या पाऊण तासापुरता खाली, किंवा तुम्ही आतल्या खोलीत.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. टेक्सास विद्यापीठात २०१७ साली जवळपास ८०० लोकांवर पाहिलं होतं की फोन बंद ठेवून नुसता टेबलावर असला तरी अवघड कामातली कामगिरी खालावते आणि दुसऱ्या खोलीत असला की सुधारते. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हा परिणाम तेवढा स्पष्ट दिसला नाही, त्यामुळे मी ती दगडावरची रेघ मानत नाही. पण तुमच्या बाबतीत फोन नुसता पडून नसतो, दर पाच मिनिटांनी कुणाला तरी तातडीने कसला तरी तक्ता हवा असतो. केंद्रप्रमुखांना एकदा सांगून ठेवा की सात ते आठ मी उत्तर देऊ शकणार नाही. आठ वाजता दिलं तरी तक्ता पोचतो.

चूर्ण घेऊ नका. त्यात काय आहे हे डब्यावर नीट लिहिलेलं नसतं आणि उद्या डॉक्टरांनी औषध दिलं तर त्याच्याशी ते कसं वागेल हे कुणी सांगू शकणार नाही. ॲपचे पैसेही वाचवा. ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे मेंदूचे असे खेळ खेळून पाहिले आणि निकाल २०१० साली प्रसिद्ध झाले. लोक त्या खेळांत तरबेज झाले, पण त्याचा फायदा दुसऱ्या कुठल्याही कामात दिसला नाही. तुमचा खेळ टीईटीचा आहे, तर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा. आणि गोल्डफिशच्या आठ सेकंदांमागे कुठलाही प्रयोग नाही. कुणीतरी छापलं, बाकीच्यांनी उचललं. लक्षाला असा एकच ठरीव आकडा नसतोच. तोच मुलगा क्रिकेटचा सामना तीन तास बघतो, हे त्याला प्रेमाने सांगा.

परीक्षेच्या दिवसाबद्दल एक गोष्ट, कारण अडीच तास सलग बसायचं याची भीती तुमच्या पत्रात न लिहिताही दिसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांतून रडारवर पाणबुड्या शोधणारे लोक काही वेळाने समोरचा ठिपका बघूनही चुकवत. का, ते शोधायला नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक घड्याळ केलं. काटा दर सेकंदाला एक पाऊल टाकायचा आणि क्वचित एकदम दोन. ती दुहेरी उडी टिपायची, सलग दोन तास. १९४८ साली त्यांनी निकाल छापला. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या होत्या. धडधाकट, तरुण, निवडून घेतलेले लोक! अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली की मात्र नजर ताजी राहायची.

परीक्षेत अर्ध्या तासाची विश्रांती कुणी देणार नाही. पण पहिली ते पाचवीच्या शिक्षकांचा पेपर धरला तर त्याचेच पाच भाग आहेत, प्रत्येकी ३० प्रश्नांचे, १५० मिनिटांत १५० प्रश्न. प्रत्येक भाग संपला की पेन खाली ठेवा, लांब खिडकीकडे बघा, पाण्याचे दोन घोट, आणि मग पुढचा भाग. पाच वेळचं मिळून तीन मिनिटंही जात नाहीत. ज्या विषयाला सगळ्यात जास्त डोकं लागतं, बहुतेकांना ते गणित असतं, तो पहिल्या तासात घ्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका. आणि परीक्षेआधीच्या महिन्यात दर रविवारी, परीक्षेच्याच वेळेला, घड्याळ लावून एक अख्खी प्रश्नपत्रिका सोडवा.

या वयात मेंदू नवीन घेत नाही का, असं विचारलंत. गेल्या काही वर्षांत तुम्ही ऑनलाइन हजेरी, नवी पाठ्यपुस्तकं, दीक्षा ॲप, पोर्टलचे बदलते तक्ते, सगळं शिकलात, तेही कुणी नीट न शिकवता. घेतो, बाई. त्याला झोप हवी आहे.

या आठवड्यात फक्त दोनच गोष्टी करा. डॉक्टरांची वेळ घ्या आणि रात्री साडेदहाला दिवा मालवा. वही पुढच्या सोमवारी सुरू करा. तपासणीत काय निघालं ते मला लिहा, बी-१२चा आकडा विसरू नका.